बेटावर जायचा योग्य हंगाम

आमच्या यांनी उभ्या आयुष्यात एकही फोटो पहिल्या फटक्यात पास केलेला नाही. चौकाच्या कोपऱ्यावर आमचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, एक स्टूल आणि दोन दिवे. लग्नाबिग्नाचे फोटो हल्ली लोक मोबाइलवरच उरकतात, त्यामुळे आमचं पोट पासपोर्ट साइजवर चालतं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हे म्हणणार, मान सरळ, खांदे सैल, इकडे बघा. खटॅक. मग कॅमेऱ्यात बघून तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, अजून एक. समोरचा माणूस ऑफिसला उशीर होतोय म्हणून रडकुंडीला येतो, तरी यांचं अजून एक, अजून एक चालूच. गल्लीत यांचं नावच पडलंय ‘अजून एक’. मी आत कॉम्प्युटरवर बसून ते फोटो साफ करते, छापते, कापते आणि पाकिटात घालते. पाकिटात घालते तो बहुतेक वेळा पहिलाच. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.

तर अशा माणसाला वेड लागलं बेटांचं. समुद्रात खूप आत, जिथे वस्ती नाही, दुकान नाही, नुसते खडक, गवत आणि अल्बट्रॉस नावाचे भलेमोठे पक्षी, अशी ती बेटं. लेक शाळेत होती तेव्हा यांनी कुठल्याशा मासिकात त्यांची चित्रं पाहिली आणि मी आयुष्यात एकदा तरी तिथे जाऊन या पक्ष्यांचे फोटो काढणार, असं जेवताना जाहीर केलं. लगेच हातभर लांबीची लेन्स घरी आली. तेव्हापासून त्या लेन्समधून समोरच्या गच्चीवरची कबुतरं, पत्र्यावरचं मांजर आणि एकदा चुकून शेजारच्या वहिनी वाळत घातलेले कपडे काढताना, एवढ्यांचे फोटो निघाले. वहिनी वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

बेटावर जायचं घोडं अडलं होतं ते हंगामापाशी. हंगामाच्या सुरुवातीला पक्षी जोड्या जमवतात, एकमेकांसमोर नाचतात, तेव्हा जावं म्हणावं, तर म्हणे समुद्र खवळलेला असतो आणि ऊन फार कडक. पिल्लं बाहेर येतात तेव्हा जावं, तर धुकं. देवमासे येतात तेव्हा जावं, तर पक्षी नेमके समुद्रावर गेलेले. शेवटी शेवटी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं म्हणतात, पण तेव्हा घरटी रिकामी. दरवर्षी हा पाढा मी ऐकायची. दरवर्षी ठरायचं की यंदा नको, पुढच्या वर्षी वेळेवर जाऊ. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिला मूल झालं, तरी फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. बाबांसाठी वेगळा ऋतू मागवलाय, तो आला का?

यंदा मात्र गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोंड घातलं. यांचा उजवा गुडघा पार कामातून गेलाय आणि डावा त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाललाय. दोन्हींचं ऑपरेशन करायचं ठरलं. बेटावर धक्का नाही, रबरी होडीतून ओल्या खडकावर उडी मारावी लागते, हे ऐकल्यावर बाईंनी चष्मा काढून यांच्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर असल्या उड्यांचं नावसुद्धा काढायचं नाही, म्हणाल्या. जायचं तर आत्ता जाऊन या, पट्टा बांधा, गोळ्या देते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे लख्ख झालं. बाहेर पडल्यावर हे पुन्हा धुक्याचा पाढा लावणार, असं मी धरूनच चालले होते.

पण त्या संध्याकाळी चक्क ठरलं. पिल्लांचा हंगाम, धुकं असलं तरी चालेल. मी म्हटलं, आधी पाणी आणा, मला चक्कर येतेय.

बेटांवर जायला परवाना लागतो. तिकडची माणसं फार कडक आहेत, हंगामात मोजकेच लोक सोडतात आणि जागा भरल्या की खिडकी बंद. अर्जाला काय काय लागतं? डॉक्टरचा दाखला, तो मिळाला. बोटीचं तिकीट, ते लेकीने घरबसल्या काढून दिलं. आणि अलीकडे काढलेला एक फोटो. मला हसू आलं, म्हटलं, हे तर घरचंच काम.

माझा फोटो यांनी काढला. माझी मान दुखेपर्यंत काढला, आणि मी नेहमीप्रमाणे पहिला उचलला. यांचा कोण काढणार? मी काढते म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी गुडघ्याचं ऑपरेशन करते म्हणाले. स्वतःच टायमर लावायचे आणि लंगडत लंगडत स्टुलावर जाऊन बसायचे. आज हनुवटीखाली सावली पडली. उद्या कॉलर वर आली. मग एक डोळा बारीक दिसायला लागला. मग केस कापून आले, तर ते इतके ताजे कापलेले दिसत होते म्हणे की थोडे वाढू द्यावे लागले. मी रोज विचारायची, झाला का? आणि रोज उत्तर ठरलेलं. केस मनासारखे वाढले त्याच आठवड्यात पिल्लांच्या हंगामाच्या सगळ्या जागा भरल्या. जगाला पासपोर्टचे फोटो पुरवणाऱ्या माणसाचा अर्ज फोटोवाचून राहिला. मी लेकीला फोन करून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिचं मूल झोपेतून उठलं.

आता फक्त हंगामाच्या शेवटच्या फेरीत जागा होत्या. स्वच्छ आकाश आणि रिकामी घरटी, तीच ती. त्यानंतर लगेच ऑपरेशन. हे म्हणाले, जाऊ दे, नशिबातच नव्हतं. आणि काउंटर पुसता पुसता शीळ घालायला लागले.

त्या शिळेने माझं डोकं फिरलं. माणूस दुःखात शीळ घालत नाही. शीळ घालतो तो सुटका झालेला माणूस. मी दुकानाचं दार लावलं, पाटी उलटी केली आणि यांना त्यांच्याच स्टुलावर बसवलं.

“तुम्हाला जायचंच नाहीये,” मी म्हटलं. “इतकी वर्षं मला शेंड्या लावताय. धुकं काय, ऊन काय, हनुवटीची सावली काय. खरं काय ते सांगा.”

हे पांढऱ्या पडद्यासमोर बसले होते, दिवे चालू होते, त्यामुळे चेहऱ्यावरचं काही लपत नव्हतं. बराच वेळ फडक्याशी चाळा करत राहिले.

“गेलो आणि फोटो नाही आले तर?” ते म्हणाले. “नाही गेलो तोवर मी बेटावर जाणारा फोटोग्राफर आहे. जाऊन हात हलवत आलो की मग काय, नुसता पासपोर्टवाला.”

मला रडू येईल असं वाटलं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग आला. एवढंसं भय या माणसाने इतकी वर्षं एकट्याने सांभाळलं आणि मी इकडे त्याला आळशी, चिकित्सक, अर्धवट, काय काय म्हणत राहिले.

“अहो, आत्ताही तुम्ही पासपोर्टवालेच आहात,” मी म्हटलं. “मी लग्न पासपोर्टवाल्याशीच केलंय, माझी काही तक्रार नाही. चला आता.”

त्याच दुपारी मी टायमरवर निघालेला त्यांचा पहिला फोटो, तो हनुवटीखाली सावली असलेला, अर्जाला लावून पाठवून दिला. शेवटच्या फेरीचा परवाना आला. फोटोबद्दल कोणी ब्र काढला नाही.

बोटीच्या प्रवासाबद्दल मी बोलणार नाही. मला जे काही झालं ते कोणाच्याही बाबतीत होऊ नये. यांना मात्र ढिम्म काही झालं नाही, लेन्स माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. मी थंडीने कुडकुडत होते आणि लेन्स उबेत होती.

उडीची वेळ आली तेव्हा मी यांच्या गुडघ्याचा पट्टा पुन्हा एकदा आवळला. रबरी होडी वर-खाली होत होती, खडक काळाकुळकुळीत आणि ओला. बेटावरच्या रखवालदारबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. उंच, उन्हाने रापलेल्या, हातात जहाजाच्या दोरासारखी ताकद. त्यांनी यांचा दंड धरला आणि “आता!” म्हणाल्या. मला वाटलं, हे म्हणणार, ही लाट नको, पुढची. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण बाईंनी ऐकायला वेळच दिला नाही, सरळ उचलून खडकावर ठेवलं.

बेट रिकामं होतं. ठरल्याप्रमाणे आकाश स्वच्छ, आणि उतारावर मातीची गोल घरटी, उलट्या ठेवलेल्या टोपल्यांसारखी, एकातही कोणी नाही. पलीकडच्या कड्यावर थोडे पक्षी अजून आहेत असं रखवालदारबाईंनी सांगितलं, आणि बोटीतले सगळे तरुण तिकडे निघाले. हेही निघाले. पहिल्या वळणापर्यंत गेले, मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. गुडघा सुजून टम्म झाला होता. मी सोबत आणलेलं घडीचं स्टूल मांडलं आणि हे वाटेच्या कडेला बसले. लेन्सचं झाकणसुद्धा काढलं नाही.

मला शरमल्यासारखं झालं. माझ्याच हट्टापायी या माणसाला इतक्या लांब आणलं आणि ज्याची त्याला भीती होती तेच त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं. पाठीवरून हात फिरवावा म्हटलं, तर मागे गवतात लाकडावर लाकूड आपटावं तसा टकटक आवाज आला.

वाटेपासून थोड्या अंतरावर एका घरट्यात एक पिल्लू बसलं होतं. पिल्लू कसलं, चांगलं बदकाच्या दुप्पट धूड. अंगावर मोठ्या पक्ष्यासारखी गुळगुळीत पिसं आली होती, पण गळ्याभोवती आणि डोक्यावर लहानपणीची राखाडी लव तशीच राहिलेली, जणू कोणी अर्धीच हजामत करून सोडून दिलंय. आमच्याकडे बघून चोच वाजवत होतं. रखवालदारबाई मागून आल्या आणि हसल्या. बाकीची सगळी पिल्लं कधीच उडून गेली, म्हणाल्या. हा एकटा राहिलाय. रोज सकाळी उठतो, पंख उघडतो, वारा बघतो आणि पुन्हा मिटून बसतो.

“आमच्याकडेही आहे असा एक,” मी म्हटलं.

हे हसले नाहीत. त्या पिल्लाकडेच बघत होते.

“जाईल ना पण?” त्यांनी विचारलं.

“जातात,” बाई म्हणाल्या. “उशिरा जातात, पण जातात.”

मग यांनी झाकण काढलं. पक्ष्याचा फोटो बाजूने काढतात, पंख पसरलेला, मागे समुद्र, असं मला इतकी वर्षं कोण सांगत आलं होतं? हेच. पण पिल्लू होतं समोर तोंड करून बसलेलं, आणि हे होते स्टुलावर बसलेले. दोघांमध्ये अंतर आमच्या दुकानात असतं तेवढंच.

“मान सरळ,” हे हळूच म्हणाले. “खांदे सैल. इकडे बघा.”

देवाशपथ सांगते, त्या पिल्लाने मान सरळ केली. चोच वाजवायची थांबवली, भुवयांखालून दोन्ही डोळ्यांनी थेट यांच्याकडे बघितलं, अगदी परवान्याला फोटो लागतोय आणि खिडकी बंद व्हायला आलीय अशा चेहऱ्याने.

खटॅक.

यांनी कॅमेऱ्याची मागची बाजू बघितली. मी वाट बघत राहिले. वाऱ्याने गवत आडवं होत होतं, पिल्लू अजून तसंच शहाण्यासारखं बसलेलं. शेवटी मीच म्हटलं, “अजून एक?”

“नको,” हे म्हणाले. “आला.”

आणि झाकण लावून टाकलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं. कड्यावर गेलेली मंडळी परत येईपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसलो होतो, हे स्टुलावर, मी गवतात आणि तो घरट्यात.

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दुसऱ्या गुडघ्याची तारीख विचारली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुमच्या सोयीने सांगा म्हटलं, तर हे म्हणाले, जी पहिली रिकामी असेल ती. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले.

आता काउंटरमागे नमुन्याच्या फोटोंची जी पाटी आहे, त्यात एक डॉक्टर, एक शाळकरी मुलगी, एक आजोबा आणि एक अल्बट्रॉस आहे. अगदी पासपोर्ट साइज, पार्श्वभूमी मी पांढरी केली. मोठा छापायचा का म्हणून यांना विचारलं होतं. नको म्हणाले, हाच साइज बरोबर आहे. मग पाकिटं लावता लावता, वर न बघता म्हणाले, “तू गिऱ्हाइकांना पहिलाच देतेस ना? मला पहिल्यापासून माहीत आहे.”

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मग म्हटलं, माहीत होतं तर बाकीचे कशाला काढायचात? त्यावर त्यांनी पुढचं पाकीट उचललं.

हल्ली मात्र नवीनच ताप झालाय. हे एकच फोटो काढतात आणि झालं म्हणतात. लोकांचं समाधान होत नाही. काल एक बाई स्टुलावरून उठायलाच तयार नव्हत्या, त्यांचे डोळे मिटल्यासारखे वाटले म्हणे. काका, अजून एक काढा ना, म्हणून मागे लागल्या. यांनी पाटीवरच्या त्या अर्धवट हजामतीच्या पिल्लाकडे बोट दाखवलं.

“त्याला एकात जमलं,” म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.