मुक्तामावशीच्या पिशवीतला मोबाइल

या मित्रांनो, जरा पुढे सरका. माझा आवाज आता बारीक झाला आहे, मागच्यांना ऐकू यायचा नाही. कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवा सगळ्यांना सावरून बसायला सांगतात ना, तसे तुम्हीही सावरून बसा. एक गोष्ट सांगतो. ती पुरी होईपर्यंत माझी बॅटरी टिकावी, एवढंच देवाकडे मागणं आहे.

मी एक जुना मोबाइल आहे. माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. कुणाची तरी घाईची बोटं माझ्यावर काच बसवत होती, एवढंच आठवतं. पुढे लोणावळ्याच्या बाजारपेठेत एका दुकानात मी झळकत बसलो. चैताली बारावी पास झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी मला घरी आणलं. काय कौतुक होतं माझं! ती मला ओढणीच्या टोकाने पुसायची आणि हातात घ्यायच्या आधी स्वतःचे हात धुवायची. मग एकदा भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मी तिच्या हातातून निसटलो आणि माझा खालचा कोपरा कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकला. तिला नोकरी लागली, नवा मोबाइल आला, आणि मी खणात गेलो. शेजारी एक बंद पडलेली टॉर्च होती. आम्ही दोघे तिथे पडून राहिलो, कुणी हाक मारायचं नाही.

चैतालीचं काम मोठं गमतीचं. ॲप उघडलं की कुठे काय दिसावं, अक्षर केवढं असावं, बटण कुठे यावं, हे ती ठरवायची. पुण्याच्या कंपनीचं काम ती लोणावळ्यात घरी बसून करायची. त्या वर्षी तिच्याकडे मधुमेहाचं ॲप आलं. रोजची साखर, गोळ्या आणि जेवण सांभाळायला लोकांना सोपं जावं, असं ते करायचं होतं. तिला मधुमेह असलेली आपली मावशी आठवली. मग मीही आठवलो. नव्या मोबाइलवर सगळंच छान दिसतं, मावशीकडे कुठला आलाय नवा मोबाइल, असं म्हणत तिने मला खणातून काढलं, माझ्यावरची धूळ फुंकली आणि बेडश्याला नेलं.

मुक्ताबाई म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. घर लेण्यांच्या पायथ्याशी. मुलगा अमृत खंडाळ्याला हॉटेलात कामाला, आठवड्यातून एकदाच घरी यायचा. एरवी मावशी एकटीच. पंचक्रोशीत कुठे कीर्तन असलं की ती पहिल्या ओळीत, हातात टाळ. माझी जागा तिच्या कीर्तनाच्या पिशवीत ठरली, टाळांच्या जोडीशेजारी आणि बुक्क्याच्या डबीवर. चष्मा मात्र त्या पिशवीत कधीच नसायचा. तो घरी फडताळातच राहायचा.

माझं काम सोपं होतं. मावशी बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब छोट्या यंत्राच्या पट्टीला लावायची, आणि आकडा आपोआप माझ्याकडे यायचा. साखर ठीक असली की मी हिरवा हसरा चेहरा दाखवायचो. ठीक नसली की लाल, कपाळाला आठ्या घातलेला. चेहऱ्यांची कल्पना चैतालीच्या साहेबांची, सुहास सरांची. त्यांचं म्हणणं, अक्षर न वाचणारा माणूसही चेहरा वाचतो. ते खरंच होतं. मावशी चेहराच वाचायची.

हिरवा आला की ती मला शेजारीपाजारी दाखवत फिरायची. लाल आला की पालथा घालायची. पुरणपोळीच्या सणानंतर मी सलग लाल होत राहिलो, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सासू गेली तवा वाटलं, आता कुनी डोळं वटारनार न्हाई. तर भाचीनं ही नवी आनून दिली."

पण ती शिकली. लाल म्हणजे ग्वाड झालं, हे तिने मनाशी पक्कं धरलं. चहातली साखर गेली, गूळ गेला. आकडे उतरले. चैताली खूश झाली. मला मात्र मावशीची बोटं दिसायची. टोचून टोचून शेंडे काळवंडले होते. टाळ धरताना ती दुखरी बोटं अलगद बाजूला ठेवायची. कंटाळा यायचा तिला, मित्रांनो. रोज टोचायचं आणि रोज कुणाचं तरी तोंड बघायचं, याचा शीण येतोच. माझ्यातही तोवर तेवढा जीव राहिला नव्हता. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी संपायची.

साखर फार उतरली तरीही मी तोच लाल चेहरा दाखवत असे. वाढली तरी लाल, उतरली तरी लाल. चैतालीच्या हे लक्षात आलं होतं. तिने सुहास सरांना विचारलंही. ते म्हणाले, चेहरे पक्के झालेत, काम द्यायची तारीख जवळ आलीय, आणि खाली आकडा लिहिलेला असतोच की. चैताली तेव्हा फार दमलेली होती. तिने ते तसंच राहू दिलं.

मग गावात सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. मावशीने भाचीला मुद्दाम बोलावून घेतलं. त्या सकाळी नेहमीच्या वेळी मी वाजलो, "गोळी घ्या." मावशीने गोळी घेतली आणि बटण दाबलं. पोटात मात्र काही घातलं नाही. काला हातावर पडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. गोळी खाऊन घ्यायची, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिला ठाऊक होतं. पण डॉक्टरांना काल्याचा दिवस कुठे ठाऊक होता? आणि मलाही पोटाचं विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

कीर्तनकार सोपानबुवांनी गोकुळ उभं केलं. सवंगडी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवतायत, असं ते रंगून सांगत होते. मी उघड्या पिशवीतून ऐकत-बघत होतो. एकाएकी मावशीचा टाळ चुकला. मग पुन्हा चुकला. तिचे हात थरथरत होते. मांडवात गार वारा असूनही मानेवरून घाम ओघळत होता. तिने हळूच यंत्र काढलं, बोट टोचलं. मी लाल झालो. मला सांगितलं होतं तेच मी दाखवलं.

"काय बी न खाता वाडली व्हय रं," ती पुटपुटली आणि मला पालथं घातलं.

हंडी फुटली. बुवांनी नामाचा गजर धरला आणि द्रोणातून काला वाटला जाऊ लागला. मावशीने आपला द्रोण कपाळाला लावला आणि तसाच मांडीवर ठेवला. शेजारी बसलेली चैताली म्हणाली, खा ना मावशी.

"नगं. तुजा ह्यो लाल झालाय. साखर लय वाडलीया. अमृतला न्हेते."

चैतालीला तिचं कौतुकच वाटलं. आकडा बघावा म्हणून तिने मला उलटं केलं. आकडा बारीक होता आणि नेमका माझ्या तडकलेल्या कोपऱ्याखाली आला होता. तिने मला डोळ्यांजवळ नेलं. सत्तरच्या वर हवी असलेली साखर पन्नाससुद्धा नव्हती.

तिने द्रोण उचलला आणि मावशीच्या तोंडाशी नेला. मावशीने ओठ घट्ट मिटले. तिची नजर आता कुठेतरी लांब लागली होती, मान कलत होती, आणि हट्ट मात्र लहान मुलासारखा. चैताली तिच्या कानाशी वाकली.

"मावशी, साखर वाढलेली नाही. उतरलीय. चूक माझी आहे, तुझी नाही. देवाचं आहे हे, तोंड उघड."

देवाचं म्हटल्यावर ओठ सुटले. एक घास गेला, मग दुसरा. कुणीतरी साखरपाणी आणलं, तेही घोटाघोटाने गेलं. सोपानबुवांना बायकांच्या बाजूची गडबड दिसली होती. त्यांनी गजर थांबवला नाही, उलट लांबवला, म्हणजे कुणी घाबरून भोवती गर्दी करू नये. त्या गजरातच मावशीच्या तोंडावर हळूहळू रंग आला.

मग ती भाचीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. बऱ्याच वेळाने माझ्याकडे बोट करून म्हणाली, "जीव जायची येळ आली तरी ह्याचं त्वांड तसंच. आगं, रागावल्याचं त्वांड येगळं, घाबरल्याचं येगळं. मानसाचं असतं ना तसं?"

चैतालीने मावशीची बोटं हातात घेतली.

त्यानंतर तिने सुहास सरांना साफ सांगितलं, हे असं ॲप मी देणार नाही. फोनवर बराच वाद झाला. मावशीचं वाक्य तिने जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा त्यांनीच तारीख पुढे ढकलली. चेहरे निघाले. साखर उतरली की सगळी काच निळी व्हायची आणि मोठ्ठ्या अक्षरांत यायचं, आत्ता गोड खा. गोळीच्या आधी मी विचारू लागलो, पोटात काही गेलं का? उपास असेल तर सांगा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक आवाज भरला. तो मुक्तामावशीचा. तिच्या चुलीपुढे बसून भरला, म्हणून मागे लाकडं तडतडलेली ऐकू येतात. "बाई, साखर उतरलीया. आदी ग्वाड खा, मग बोलू."

आता गावोगावच्या मोबाइलांतून तो आवाज येतो. मी मात्र पुन्हा खणात आहे. माझी पाठ फुगली आहे, बुक्क्याचा वास अजून अंगाला आहे. मुक्तामावशी गेल्या थंडीत गेली. म्हातारपणच ते, झोपेतच गेली. शेवटच्या सप्ताहात तिचा टाळ एकदाही चुकला नव्हता.

मित्रांनो, मी थकलोय. आता एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर त्यांच्याकडे बघून कपाळाला आठ्या घालू नका. ते रोज टोचून घेतात. त्यांचा चष्मा शोधून द्या. घास पोटात गेला का, तेवढं विचारा.

आणि कुणी तुमच्या हातावर काला ठेवला, तर तो कपाळाला लावा, मग लगेच तोंडात घाला. तो गिळण्याआधी क्षणभर आमच्या मुक्ताबाईची आठवण काढा.