खडूच्या दोन रेघा

बायको लेकीकडून परत आली, त्या दिवसापासून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. लेक परदेशात असते. तिच्या बाळंतपणाला ही गेली होती. जाताना डोळ्यांत पाणी, "मला कुठे भाषा येते, मला तिथे कोण विचारतंय" हे पालुपद. आणि आली ती हसत! मी विमानतळावर ताटकळत उभा, तर सामान माझ्या हातात द्यायचं सोडून स्वतःच गाडी ढकलत पुढे निघाली. तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मी शिंपी. गल्लीत सगळे मला मास्तर म्हणतात. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. दाराशी मशीन, मागे कापायचं टेबल आणि टेबलामागे हिची खुर्ची. मी बेतायचं, शिवायचं. हिने काजं-बटणं करायची. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. बाहेर जायचं तर दोघांनी, मी पुढे आणि ही मागे. गावात कोपऱ्यावरच्या वाण्यापलीकडे ही एकटी कधी गेली नाही.

आणि आता? जेवणं झाली की तिकडून आणलेला कोट चढवायचा, "येते हो जरा" म्हणायचं आणि चालू पडायचं. कुठे, तर म्हणे फिरायला. अरे, फिरायला म्हणजे काय! परत यायची तेव्हा कोटाच्या खालच्या काठाला तांबडी माती. आमच्या गल्लीत तर सगळीकडे फरशी. ही माती आली कुठून?

भरीस भर म्हणजे कापडावर खुणा करायचे माझे निळे खडू नाहीसे व्हायला लागले. विचारलं तर ताकास तूर लागू देईना. "उंदराने नेले असतील," म्हणाली. उंदीर काय बेतायला बसणार आहे?

एकदा ही आत असताना खुंटीवरचा कोट मी उलटून बघितला. अस्तर उसवून पुन्हा शिवलेलं. टाका हिचाच, इतका बारीक टाका दुसऱ्या कुणाचा नाही. आत चक्क चोरखिसा! वरून चाचपला तर बोटांना काहीतरी कडक, चपटं लागलं. पासपोर्ट. दुसरं काय असणार? हात आत घालायचा मला धीर झाला नाही.

त्याच संध्याकाळी ही स्वयंपाकघरात लेकीशी फोनवर बोलत होती. "तिकीट काढून ठेव. पण यांना एवढ्यात सांगू नकोस. इथलं थोडं आवरायचं राहिलंय."

इथलं म्हणजे मीच ना? मीच आवरायचा राहिलोय! ही कायमची चालली, मला खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि हिच्या मागे निघालो. पुलापर्यंत गेलो आणि ही दिसेनाशी झाली. मग रोजचाच उद्योग झाला. रोज थोडं पुढे जायचो आणि रोज ही निसटायची. एक मात्र खरं, चालायची फार हळू. मला वाटलं, थकत असेल.

एके दिवशी रुळांपलीकडे, गोदामांच्या बाजूला पोचलो. इथे होती ती तांबडी माती. ही एका कोपऱ्यावर वळली, मी धावत गेलो तर कोणी नाही. सगळ्या भिंती एकसारख्या. मागे फिरलो तर आलो तो रस्ता कुठला तेच कळेना. ज्या गावात जन्म काढला तिथे हरवलो! एका हमालाला विचारलं, "आमच्या गल्लीला कुठून जायचं?" तो म्हणाला, "तुमची गल्ली कुठली, ते तर सांगा." मला धड सांगताही येईना.

तेवढ्यात विजेच्या खांबावर दोन निळ्या रेघा दिसल्या.

माझ्या कापडावर दोन रेघा म्हणजे 'इथे दुमड'. ही खूण माझी. मी तिथून वळलो. पुढच्या भिंतीवर पुन्हा दोन रेघा, पुन्हा वळलो. मग एका दगडी पायरीजवळ गोल. गोल म्हणजे बटण, आणि बटणं हिची. पायरीवर ही बसली होती.

"आलात?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. अहो, तुमच्या चपला केवढ्या वाजतात!"

"पासपोर्ट दाखव," मी ओरडलोच. "त्या चोरखिशातला!"

तिने खिसा उलटा केला. घराची किल्ली पडली आणि माझा चपटा खडू. आयुष्यभर बोटांत धरलेली वस्तू, आणि मला चाचपून ओळखता आली नाही!

"पासपोर्ट कपाटात आहे, तुमच्या सदऱ्यांखाली," ती म्हणाली. "स्वतःचा सदरा कधी स्वतः काढला असता तर दिसला असता."

"तू जाणार आहेस ना?"

"जाणार आहे."

मी तिच्या शेजारी बसलो.

"तिकडे मी एकदा हरवले होते," ती म्हणाली. "दूध आणायला गेले आणि सगळ्या इमारती सारख्याच. कुणाला विचारावं तर तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा लक्षात आलं, मला तर आपल्या गावातलेही रस्ते माहीत नाहीत. मला फक्त तुमची पाठ माहीत होती."

"मग?"

"मग काय, चुकत चुकत पोचले. दार उघडलं तेव्हा इतका आनंद झाला, काय सांगू!"

"रस्ता येतो तर या खुणा कशाला?"

"मला नकोत. तुमच्यासाठी केल्यात. मी महिना-दोन महिने लेकीकडे राहणार, तुम्ही इथे एकटे. तुमचं जग मशीनपासून वाण्यापर्यंत. नुसतं 'चला फिरायला' म्हटलं असतं तर आला असता?"

नसतो आलो. ती मला चांगली ओळखते.

"संशय आल्याशिवाय तुम्ही उंबरा ओलांडणार नव्हता," ती म्हणाली.

"परत येशील ना गं?" मी विचारलं.

"येईन हो. परत यायला येतं मला आता. तेवढं तुम्ही शिका." तिने खडू माझ्या हातात दिला. "चला. तुम्ही पुढे व्हा."

मी पुढे झालो. पहिल्या कोपऱ्यावर खूण सापडेना, म्हणून ऐटीत डावीकडे वळलो. थोडं गेलो तर समोर भिंत. मागे पाहिलं, ही ओठ दाबून हसत उभी.

"चुकलो का?"

"चुकलात."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"मी तिकडे असताना कोण सांगणार आहे?"

मी वाकून भिंतीवर दोन रेघा ओढल्या आणि मागे वळलो.