कोरड्या बोअरमधली माय

पोरांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. सत्तर वर्षांत मी इतक्या थापा मारल्या आहेत, की माझं नाव जळबा आहे याचीसुद्धा लोक दोन घरी चौकशी करतात. सिद्धेश्वरच्या धरणातून मी मासा बाहेर काढला आणि धरणाचं पाणी दोन बोटं खाली गेलं, हे तुमच्या बापांनी माझ्याच तोंडून ऐकलंय. ऐकलं, हसले, घरी गेले. म्हणून बुद्धभूषण सरांनी मला शाळेत बोलावून ‘झालं ते जसंच्या तसं सांगा’ म्हटलं, तेव्हा मीच दचकलो. जसंच्या तसं सांगायची मला सवय नाही. त्यात पहिल्याच रांगेत माझी नात साक्षी बसलीये. तिच्याकडे न बघता सांगतो.

तर आधी गर्दी बघा. मे महिना, ऊन त्रेचाळीसच्या वर. डोंगरकड्याच्या रस्त्यापासून जगनच्या शेतापर्यंत जीपा, ऑटो, मोटारसायकली. शेताच्या मधोमध विटांचं एक बिनखिडकीचं ठाणं, भूमीमायचं देऊळच म्हणा. त्यात पाऊल टाकलं की अंगावर काटा यायचा. ना कूलर, ना पंखा. भिंतीत एक पितळी जाळी, आणि तिच्यातून येणारा गारेगार वारा. बाया जाळीला गाल लावून रडायच्या. बरं, पौषात गावभर शेकोट्या पेटल्या की त्याच जाळीतून गोधडीसारखी ऊब यायची. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम! याला म्हणायचं मायचा श्वास.

जगन आमच्याच गावचा. दहा वर्षं पुण्याला थंड-गरम करायच्या यंत्रांच्या कामावर होता. गेला तेव्हा अंगात जीनची पँट होती, आला तेव्हा छातीवर दाढी. त्याच्या शेतात चार बोअर मारलेले, चारही कोरडे. चारशे-चारशे फूट खाली नुसता फुफाटा. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा ठाण्याच्या ओट्यावर बसला आणि बोलायला लागला.

“बोअरला पाणी काहून लागलं न्हाई? कारण तिथं माय हाये! चार ठिकाणी भोकं पाडली तिला, तरी ती रागावली न्हाई. उन्हाळ्यात तुमची आग पिते, हिवाळ्यात आपली ऊब देते. दवाखाना काय देतो? सुई! माय काय देते? श्वास! सुई टोचते. श्वास टोचतो का?”

“न्हाई टोचत!” गर्दी ओरडायची.

“महाराज, माझी म्हैस आटली. तिला आणू का?” एकानं विचारलं.

“आण. पण धुऊन आण. मायला वास सहन होत न्हाई.”

आणि यात माझी भर. पारावर बसून मी सांगितलं, की बोअर मारले त्या दिवशी मी कान लावला होता आणि खालून एक बाई ओव्या म्हणत होती. सांगितलं आणि हसण्याची वाट बघत राहिलो. पोरांनो, कोणीच हसलं नाही. माझ्या खऱ्यालाही हसणारी माणसं गप्प झाली. परगावची एक म्हातारी उठली आणि माझ्या पाया पडली. मग रोज कोणी ना कोणी चहा पाजून विचारायचं, “जळबादादा, कोणती ओवी व्हती?” मी रोज नवी ओवी सांगायचो.

मायची एक रीत होती. ती आठच तास जागी असायची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. जगन पाटीवर खडूनं वेळ लिहायचा. वेळ संपली की जाळीतला वारा बंद. “माय निजली, आवाज करू नका.” लोक चपला हातात घेऊन हळूच बाहेर यायचे.

माझ्या थापा जिच्यापुढे चालायच्या नाहीत अशी एकच व्यक्ती होती, माझी बायको मनकर्णा. अंगणातल्या लिंबाला पाइपानं पाणी घालता घालता ती एकदा माझ्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, “पुरे करा. त्या धरणाची तरी लाज बाळगा.” पण मी खोटं बोलतोय हे ओळखायला तिला माझं तोंड बघावं लागायचं. हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरात तिला ताप आला. डोळ्यांच्या मागं दुखायचं, हाडं मोडल्यासारखी व्हायची. बुद्धभूषण सर घरी आले. म्हणाले, “काकू, गावात डेंग्यू आहे. रक्त तपासून घेऊ. मी बाळापूरला गाडीवर नेतो, आत्ता.”

शेजारच्या बाया म्हणाल्या, “मायजवळ तीन दिवस ठेवा, आग निघून जाईल.”

मनकर्णाला सुईची भीती. तिला डोळे उघडवत नव्हते. डोळ्यांवर ओला पदर तसाच ठेवून तिनं मला विचारलं, “आवं, जलमभर तुमच्या थापा ऐकल्या. एकदा खरं सांगा. तिथं हाये का कोणी?”

मी म्हणालो, “हाये.”

“मंग न्या.”

तीन दिवस ती जाळीसमोर पडून होती. बाया कपाळाला हात लावायच्या. “उतरला बाई ताप! गार पडली!” गार वाऱ्यात पडलेल्या माणसाचं कपाळ गार लागणारच की. आतून ती जळत होती. तिचे दात वाजत होते. म्हणाली, “मला लई गार वाजून राहिलं.” जगन म्हणाला, “आग निघून राहिली, काकू. निघताना असंच वाजतं.”

चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. मग जीप, बाळापूर. डॉक्टरनं विचारलं, “तीन दिवस कुठं होत्या?” जीपवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. तिथून नांदेडला पाठवलं, पण नांदेड आलंच नाही. माझ्या हातात तिचा हात होता. गार होता. मला बराच वेळ वाटत राहिलं, की ठाण्यातला गारवा अजून उतरला नाही.

तेरावं झालं आणि सर ठाण्यावर आले. नोव्हेंबरची सकाळ. विहिरींवर वाफ दिसत होती. ठाण्यात ऊब, बाहेर कर्ण्यावर भजन. सरांच्या हातात एक वही होती, बाकी काही नाही.

“महाराज, दोन महिने मी मायच्या जागण्याच्या वेळा लिहितोय,” सर म्हणाले. “आणि शेजारच्या रकान्यात शेतीच्या थ्री फेज लाइटीच्या वेळा. एका मिनिटाचा फरक नाही. मायला थ्री फेज कशाला लागतं?”

गर्दीत कुजबुज झाली. आमच्याकडे झोपेतून उठवलं तरी माणूस सांगतो, या आठवड्यात थ्री फेज दिवसा आहे की रात्री. दर्शन अर्धवट टाकून मोटार चालू करायला पळणारी हीच माणसं. पण दोन वेळापत्रकं कोणी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. एक शेताचं, एक देवाचं.

“नास्तिक हाय हा!” जगन ओरडला. “माय कोपंल!”

“कोपू द्या. मला फक्त पाच मिनिटं भजन बंद हवंय.”

कर्णा थांबला. आणि ठाण्याच्या मागच्या कुलूपबंद कोठीतून आवाज आला. घुर्रर्र. रात्री-अपरात्री विहिरीवर जाऊन तोच आवाज कानात साठवलेली माणसं ती.

“आवं, ही तर मोटार हाये!” एक बाई म्हणाली.

कुलूप तुटलं. आत दोन यंत्रं, मोठ्या कपाटाएवढी, आणि शेतातल्या चारही बोअरांकडून आलेले काळे पाइप, प्रत्येकावर निळी पट्टी. सरांनी एका बाईचा हात धरून आधी एका पाइपावर ठेवला, मग दुसऱ्यावर.

“हा कोमट हाये,” ती म्हणाली. “अन् ह्यो गार.”

“कोमट पाणी जमिनीतून येतंय, गार होऊन परत जातंय. मधली ऊब कुठं गेली? ठाण्यात. दिवाळीत विहिरीचं पाणी कोमट का लागतं आणि मे महिन्यात गार का, कधी विचार केलात? खाली खोल जमीन बारा महिने जवळपास सारखीच असते. बदलतं ते वरचं. या कोरड्या बोअरांत पाइप खाली सोडून परत वर आणलेत. त्यातलं पाणी नुसतं फिरतं. हिवाळ्यात ते जमिनीची ऊब वर आणतं. हे यंत्र ती ऊब गोळा करतं, वाढवतं आणि आत फुंकतं. उन्हाळ्यात उलटं, खोलीतली उष्णता उचलून जमिनीत नेऊन टाकतं. घरच्या फ्रिजच्या मागं हात लावून बघा, गरम लागेल. आतल्या भाजीची उष्णता मागं टाकलेली असते. तसंच हे. शहरात काही मोठ्या इमारतींत बसवतात. चांगलं यंत्र आहे हो. यंत्राचा काही गुन्हा नाही. हेच शाळेत बसवलं असतं तर मे महिन्यात लेकरं भोवळ येऊन पडली नसती.”

मग त्यांनी साक्षीला पुढं बोलावलं. “लाल बटण दाब.”

तिनं दाबलं. घुर्रर्र थांबलं. जाळीतला वारा थांबला. माय निजली. पुन्हा उठली नाही. जगनवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला, तारखा चालू आहेत.

पोरांनो, म्हणून सांगतो. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी हात लावून बघा. भजन थांबवून ऐका. वेळा लिहून ठेवा. आणि ताप आला तर आधी दवाखाना, नवस काय असतील ते बरं झाल्यावर. खोलीला गार करणारं यंत्र रक्तातला ताप काढत नाही, एवढं साधं होतं ते. पण आम्ही अडाणी. जमिनीत पाइप आहेत हे आम्हाला कुठून कळणार? जगननं बाहेरची माणसं आणून सोडले असतील. मला जर तेव्हा ठाऊक असतं, तर मी मनकर्णाला...

“आजोबा.”

साक्षी उभी राहिली होती.

“बस खाली, बेटा. संपतच आलंय.”

“आपल्या लिंबाला पाणी घालायचा पाइप काळा हाये. त्याच्यावर निळी पट्टी हाये.”

सरांनी मान खाली घातली.

“तो तुमी जगनच्या शेतातून खांद्यावर आणला, तवा मी फाटकाशी उभी व्हते. ठाणं बांधायच्या आधी. तुमीच मला म्हणाले, चार दिवस बोअरात पाइप सोडले, उरलेला तुकडा आणला. तुमीच सोडले ते पाइप. खोटं बोलून राहिले तुमी, आजोबा. तुमाला ठाऊक व्हतं. मंग आजीला तिथं काहून नेलं?”