सखाहरीचा खर्ज

माघ सरत आला होता. पाथर्डीच्या वाटेवर ज्वारी काढून झाली होती आणि काळीभोर, भेगाळलेली, रिकामी रानं उन्हात उताणी पडली होती. ऊन कणीदार तुपासारखं होतं. रवाळ, पिवळसर, संथ. कडब्याच्या गंजींवर ते थिजत होतं, बाभळींच्या काट्यांवरून ओघळत होतं, दूरच्या बोडक्या डोंगरांच्या कडांवरून सांडून जात होतं.

त्या उन्हातून, एस.टी.च्या खिडकीशी बसून, सुवार्ता भांबळ निघाली होती. नगरच्या एका इस्पितळात तिनं उभं आयुष्य परिचारिकेचं काम केलं. आता ती निवृत्त होती. निघाली होती एक जुना सॅक्सोफोन पाहायला. पुढच्या गावातला लग्नाचा बँड बंद पडला आहे आणि त्याची वाद्यं मोडीत निघाली आहेत, असं तिच्या कानावर आलं होतं.

हे वेड तिला उशिरा लागलं. एका जुन्या बाजारात, सायकलीच्या साखळ्या आणि चेपलेल्या किटल्या यांच्या मधोमध, तोंड खाली करून टांगलेलं एक वाद्य तिला दिसलं होतं. हंसग्रीव, शंखवलय, हिरव्या पुटानं माखलेलं. ते का घेतलं, हे तिला सांगता आलं नसतं. घरी आणलं तेव्हा तिचे यजमान शांतवन वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले होते, “हे काय, हुक्का आणलास?”

मग एकामागून एक वाद्यं येत गेली. नव्यांत तिला रस नव्हता. नवं वाद्य लखलखतं, निष्कलंक. पण त्याला अजून कुणी भेटलेलं नसतं. जुन्याच्या चाव्यांवरच्या शिंपल्याच्या टिकल्या बोटांनी झिजून खोलगट झालेल्या असतात. अंगठा टेकायच्या जागी पितळेचा मुलामा घामानं उडून गेलेला असतो. इथं कुणीतरी धरलं होतं, इथून कुणीतरी फुंकलं होतं. त्या अनामिक खुणांवर आपली बोटं ठेवायची आणि थांबलेल्या नळीतून पुन्हा वारा वाहता करायचा. या कामात दिवस असा मावळून जाई की पुढ्यातला चहा निवल्याचंही तिला कळत नसे.

सखाहरी वैरागर लिंबाखाली बाजेवर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, काटक, रुंद छातीचे. डोक्याला विटका गुलाबी फेटा. वडिलांनी काढलेला बँड त्यांनी आणि धाकट्या भावानं चालवला. मग भाऊ गेला, लग्नांत डीजेचे भोंगे आले आणि बँड बसला. गाव त्यांना अजून मास्तर म्हणत होतं.

त्यांच्या सुनेनं, यमुनेनं, आतून जुनेरात गुंडाळलेलं वाद्य आणलं आणि बाजेवर ठेवलं. मोठ्या बांध्याचा टेनर सॅक्सोफोन होता तो. वर्णानं मधासारखा, जागोजाग काळवंडलेला. कर्ण्यावर कुण्या दूरदेशीच्या कारागिरानं कोरलेली वेल, पानं पुसट, फुलं पुसट, तरी अजून चढत चाललेली.

“काय करता बाई हे घेऊन?” मास्तरांनी विचारलं.

“दुरुस्त करते. वाजतं करते.”

“ह्याच्यात काही राह्यलं नाही. कुंभारीण माशीनं आत घर केलंय.” ते हसले. “अन् होतं तवा तरी कुठं आम्हाला साधलं? वरचं समदं वाजवायचो. नागीण वाजवली की पोरं धुळीत लोळायची. पण खाली, खर्जात उतरायला गेलं, की सूर फाटायचा. उडी मारून वर पळायचा.”

“का बरं?”

“छाती कमी पडली, दुसरं काय!” त्यांनी ते असं सांगितलं, जसं कुणी आपलं गाव सांगतं.

लष्कराच्या लिलावातून वडिलांनी हे वाद्य पोरासाठी आणलं होतं. बँडात बाकीचे सगळे क्लॅरिनेट-ट्रंपेटवाले. हे एकट्या सखाहरीचं. तो पंचविशीत असताना वडील त्याला पुण्याच्या एका नावाजलेल्या बँडवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं ऐकलं, पान थुंकलं आणि म्हणाला, वाद्य मोठं आहे, पोराची छाती लहान आहे. त्या साली सखाहरीनं सॅक्सोफोन खुंटीला लावला आणि गळ्यात ताशा अडकवला. ताशाला श्वास लागत नाही.

सौद्याला वेळ लागला नाही. वाद्य पदराखाली धरून सुवार्ता गाडीत चढली. मास्तर फाट्यापर्यंत पोचवायला आले होते. रस्ता चढाचा होता; ती दोनदा थांबली, ते एकदाही थांबले नाहीत. वाटेत तिची नोकरी कळली आणि ते तिला सिस्टर म्हणू लागले.

फाल्गुन लागला. अंगणातला शेवगा फुलला. सुवार्तेनं खोलीत पांढरी चादर अंथरली आणि वाद्य उलगडायला घेतलं.

चावी सुटी झाली, दांडी सुटी झाली, सुईसारख्या स्प्रिंगा सुट्या झाल्या. माशीच्या मातीच्या घराचे तुकडे पडले. चाव्यांखालच्या, कडक झालेल्या चामड्याच्या गाद्या सोलून निघाल्या आणि त्यांच्यामागून निघाला कितीतरी लग्नांचा गाळ: गुलाल, हळद, अत्तराचा शिळा कण, आणि पिवळे पडलेले अक्षतांचे दाणे. कुणाकुणाच्या मुहूर्तावर उधळलेले, नवरानवरीपर्यंत न पोचलेले, चुकून वाटेतच या पितळी कंठात पडलेले.

तिनं कोमट पाण्यानं नळी धुतली. पोलादी गोळा आतून फिरवून पोचे उठवले. मधाचा रंग तिनं घासला नाही. काळानं दिलेला वर्ण काळाचाच ठेवला. नव्या गाद्या कापल्या, लाख वितळवली, एकेक गादी एकेका वाटीत बसवली. शांतवन दारातून पाहत. मध्येच म्हणत, “जेवणार आहेस, की लाखच खाणार?”

वाद्य सांधून झालं. तिनं फुंकलं. वरचा सूर उमटला, उजळ, ओला, तरुण. मधला उमटला. खाली उतरली आणि सूर फाटला. उडी मारून वर पळाला.

तिला वाटलं, आपलाच दम कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. गाद्या तपासल्या, नळीत बारीक दिव्यांची माळ सोडून, भर दुपारी पडदे ओढून, एकेका झाकणाखाली वाकून पाहिलं. कुठूनही उजेड झिरपत नव्हता. सगळं बंद होतं. सगळं ठीक होतं. आणि खर्ज मुका होता.

मग तिची नजर तळच्या कड्यावर गेली. सरळ नळी जिथं वळणाच्या नळीला मिळते, तिथं जोडावर एक रुंद पितळी कडं बसवलेलं असतं. दुरुस्ती करणारं सहसा कुणी ते काढत नाही. तिनं ते काढलं.

अंधारात एक रेघ उजळली. केसाएवढी; अर्धवर्तुळाकार, सुवर्णतंतूसारखी. जोड सांधणारा धातूचा डाख तिथं तुटला होता. फटीच्या कडेला हिरवा गंज दगडासारखा घट्ट बसला होता आणि त्याच्यावर वाळलेलं लष्करी पॉलिशचं पूट होतं. वाद्य लिलावात आलं तेव्हाच ते जायबंदी होतं. कुठल्याशा बराकीत, कुठल्याशा गोऱ्या शिपायाच्या हातून पडलेलं असेल. वर कडं आवळून कुणी ते विकलं असेल. खर्जाचा वारा त्या रेघेतून निघून जात होता. कुणाचीही छाती लावली असती तरी निघूनच गेला असता.

सुवार्ता दिवे न विझवता तशीच बसून राहिली. किती छात्यांना तिनं आयुष्यभर कान लावला होता! आणि लिंबाखालच्या त्या रुंद छातीकडे पाहूनही, मास्तरांनी सांगितलेलं तिनं निमूट मानलं होतं.

“सांगायला हवं त्यांना,” संध्याकाळी ती म्हणाली.

“कशाला?” शांतवन म्हणाले. “त्यांचा दोष त्यांच्या अंगवळणी पडलाय. घरातल्या मोडक्या पायरीसारखा. तू पायरी नीट करायला जाशील आणि ते तिथंच अडखळून पडतील.”

“पण दोष त्यांचा नव्हताच ना, अहो.”

“म्हणूनच म्हणतो. आपली चूक माणूस सोसतो, सुवार्ता. फुकट गेलेलं आयुष्य कसं सोसायचं?”

तिनं जोड साफ केला आणि नवा डाख दिला. रुपेरी थेंब फटीतून सरसरत गेला आणि रेघ मिटली. मग तिनं फुंकलं. खर्ज आला. गडद, गंभीर, भूमिगत. ताकाचा डेरा घुसळावा तसा खोलीभर घुमला. कपाटातल्या बशा किणकिणल्या. शांतवनांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत बसले.

आठवडे गेले. ती जाऊ म्हणे आणि जात नसे. चैत्रात, लिंबाला मोहर आला असताना, ती वाद्य घेऊन एकदाची गाडीत बसली. सांगायचं की नाही, हे फाटा आला तरी ठरलं नव्हतं.

मास्तरांनी वाद्य ओळखलं आणि ओळखलंही नाही. हात लावला, काढून घेतला.

“फुंकून बघा,” ती म्हणाली.

“आता? ह्या वयात? दात कुठंयत, सिस्टर?” पण डोळे चाव्यांवरून हलत नव्हते. “यमुने, माझी कवळी आण गं.”

कवळी आली. बोटं चाव्यांवर बसली, जणू कालच उठली होती. मास्तरांनी एक वरचा सूर लावला, मग एक मधला. मग सवयीनंच थांबले. खाली उतरायची पायरी जिथं सुरू होते, तिथं.

“उतरा,” ती म्हणाली.

ते उतरले. ओठ घट्ट, खांदे ताठ, मार खायला तयार असल्यासारखे. आणि खर्ज आला. फाटला नाही, पळाला नाही. आला आणि उभा राहिला.

त्यांनी दचकून वाद्याची तोंडी ओठांतून काढली. “काय केलंत ह्याला?”

मग तिनं सांगितलं. जोड सांगितला, फट सांगितली, फटीवरचं जुनं पूट सांगितलं. “तुमची छाती कधीच कमी नव्हती, मास्तर.”

लिंबाचा मोहर बाजेवर बारीक बारीक गळत होता. मास्तरांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग मान लाल झाली, कपाळाची शीर फुगली.

“हे नसतं सांगितलं तर तुमचं काय बिघडलं असतं?” ते ओरडले. वाद्य बाजेवर ठेवून उठले आणि रानाकडे चालू लागले. नांगरलेल्या ढेकळांतून त्यांचा गुलाबी फेटा दूर जात राहिला, लहान होत राहिला, विहिरीच्या काठाशी थांबला.

सुवार्ता उठून उभी राहिली. यमुनेनं तिच्या हातात चहा दिला. “बसा, बाई. मामा असंच करत्यात. येतील.” पण नजर तिचीही विहिरीवरच होती.

फेटा काठावर बसला. उठला. पुन्हा बसला. बऱ्याच वेळानं तो परत वाढत वाढत आला. मास्तर बाजेवर टेकले. पाय धुळीनं भरले होते, डोळे तांबडे होते.

“दाखवा कुठं ते.”

तिनं कडं सरकवून जोड दाखवला. त्यांनी अंगठा त्यावरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“एवढीच होती?”

“एवढीच.”

“बाप मरेपर्यंत म्हणायचा, पोरगं दुबळं निघालं. मी पण हो म्हणायचो.” त्यांनी वर पाहिलं. “तो गेला. भाऊ गेला. त्यो पुण्यावाला पण गेला असंल. आता कुणाला सांगू, सिस्टर? हाय कोण ऐकायला?”

आयुष्यभर सुवार्तेनं जे शब्द रुग्णांच्या उशाशी वाटले, त्यांतला एकही इथं चालणारा नव्हता.

दारात यमुना उभी होती. हात भाकरीच्या पिठानं कोपरापर्यंत माखलेले. या घरी आली तेव्हापासून तिनं सासऱ्याला फक्त ताशा बडवताना पाहिलं होतं.

“मला ऐकवा की, मामा,” ती म्हणाली. “मी कवा ऐकलंय?”

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वाद्य उचललं, पट्टा मानेत अडकवला आणि सुवार्तेला म्हणाले, “विकलं ते विकलं. वस्तू तुमची. पण आजचा दिस ठिवू?”

“ठेवा, मास्तर.”

ते उभे राहिले. गाणं त्यांनी वाजवलं नाही, नागीणही नाही. पायरी पायरीनं सूर उतरत गेला आणि अगदी तळाशी, जिथून पुढं उतरायला जागा नाही, तिथं थांबला.

खर्ज अंगणात पसरला. गोठ्यातल्या गाईनं कान टवकारले. रस्त्यानं चाललेली दोन माणसं डोक्यावरचं ओझं तसंच घेऊन थबकली. यमुनेच्या हातावरचं पीठ वाळत गेलं आणि तिला ते कळलं नाही. खर्ज चालू होता. घनदाट, अखंड, अनावर. मास्तरांचे डोळे मिटलेले, खांदे सैल, छाती हळूहळू, हळूहळू रिती होत चाललेली. आता संपेल, असं सुवार्तेला वाटलं. संपला नाही. आता संपेल, असं पुन्हा वाटलं. संपला नाही.

मग मास्तरांनी आपणहून ओठ अलग केले. सूर थांबला. श्वास अजून उरला होता.