एक टक्का फुटके दाणे

चवळीत खोट सापडली असती, तर आत्याने ती मुकाट्याने मान्य केली असती. पण सरहद्दीपलीकडच्या तपासणी अधिकाऱ्याचं म्हणणं असं होतं की चवळीत खोट नाही, आणि घोडं तिथंच अडलं होतं.

आत्या म्हणजे गावातल्या चाळीस बायकांच्या मंडळाची प्रमुख. खरी आत्या ती तिघाचौघांचीच, पण हाक सगळं गाव तशीच मारायचं. मंडळाची चवळी आजवर व्यापाऱ्यामार्फत बंदरावर जायची, तिथून बोटीने कुठल्याशा दूरच्या श्रीमंत देशात, आणि तिथं रंगीत पाकिटात शिरून परत शेजारच्याच देशातल्या दुकानांत यायची. गावापासून सरहद्द चार तासांवर, आणि चवळी तिथं पोचायची अर्ध्या जगाला वळसा घालून. यंदा दोन्ही देशांनी करार केला, शेतमालावरची जकात उठवली, आणि पलीकडच्या एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराने मंडळाकडे थेट चाळीस पोती मागितली. माल उद्या सकाळपर्यंत पोचला तर दरमहा घेऊ, नाहीतर आमचा जुना व्यापारी आहेच, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून आत्या स्वतः टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून सरहद्दीच्या नाक्यावर आली होती.

अधिकारी तिशीचा, सडपातळ, बोलायला मऊ. त्याने पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढला, पांढऱ्या ताटलीत पसरला आणि बराच वेळ बघत राहिला. आणखी पाच पोत्यांचे नमुने काढले. आत्याला वाटलं, बघ म्हणावं, बोट ठेवायला जागा सापडते का. मनातून ती फुशारली होती, ते काही खोटं नाही.

"मावशी, हे बियाणं आहे," तो म्हणाला.

आत्या हसली. खायची चवळी आहे, इस्पितळात शिजणार आहे, असं तिने समजावलं. त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला. खाण्याचं धान्य म्हणून बियाणं आत आणायचे प्रकार पूर्वी फार झाले होते, आणि त्या बियाण्याबरोबर पिकावरचा रोगही आला होता. तेव्हापासून नियम असा की फुटके दाणे शंभरात एकाहून कमी असतील, तर तो माल बियाण्यात धरायचा. बियाण्याचा परवाना निराळा, आणि त्याला चार महिने लागतात. आत्याच्या चवळीत त्याला सहा नमुन्यांत मिळून दोन फुटके दाणे सापडले होते.

"खायला असं कुणी निवडतं का?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता, कुतूहलच होतं.

प्रश्न बरोबर होता. त्यांच्या गावात निवडणं म्हणजे पेरणीसाठीच निवडणं. घरच्या जेवणाला कोण एवढं निवडत बसतंय, खडा काढला की झालं. पण माल परदेशी जाणार म्हटल्यावर बायकांनी सुपं घेतली आणि त्यांना येत होतं तसं निवडलं, दाण्याला दाणा जोडून. त्यांच्यात पुढे होती आत्याची थोरली जाऊ. तिने तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि करवून घेतलं. एका बाईचं पोतं तर दोनदा परत फिरवलं, त्यावरून दोघींत अजून अबोला होता.

आत्याने हुज्जत घातली, विनवणी केली, मूठभर कच्चे दाणे त्याच्यासमोर चावूनही दाखवले. तो म्हणाला, मावशी, दात सांभाळा, बियाणंसुद्धा खाता येतंच. मग त्याने आवाज खाली आणला. नियम मी केलेला नाही, पण माल खाण्याचा दिसला तर मला अडवताही येणार नाही. बाजूच्या गोदामात फुटक्या चवळीचा चुरा मिळतो. चाळीस पोत्यांना एक पोतं पुरे.

म्हणजे तीन आठवडे जे वेचून काढलं, तेच विकत घेऊन पुन्हा घालायचं. आत्याने कपाळाला हात लावला. चूक अधिकाऱ्याची नव्हती आणि जावेचीही नव्हती, म्हणून तिला जास्तच चीड आली. रागवायचं तरी कुणावर?

तिने चुऱ्याचं पोतं घेतलं. हमालांनी शेडमध्ये अंथरलेल्या ताडपत्रीवर पहिली पाच पोती रिकामी केली. पिवळसर, एकसारखी चवळी पसरली तशी दोन हमाल वाकून बघायला लागले. आता चुरा ओतायचा तेवढा बाकी होता, आणि आत्याचा हात पोत्याच्या तोंडाशी अडून बसला. जावेला न सांगता हे करणं तिला जमेना. तिने फोन लावला आणि घडलं ते सगळं एका दमात सांगून टाकलं.

जाऊ म्हणजे साठीला आलेली बाई, कंबर धरून तीन आठवडे जमिनीवर बसलेली. रडली तर काय बोलायचं?

"जाऊबाई, बोला ना काहीतरी. नको म्हणाल तर गाडी परत आणते."

"परत कशाला? चाळीस घरांचं आहे ते, माझ्या एकटीचं नाही," जाऊ म्हणाली. "मिसळ. पण तो चुरा बघितलास का नीट? बाजारचा आहे. त्यात खडे असतील."

आत्याने पोत्यात हात घातला. खडे होते, मातीची ढेकळंही होती.

"मग आधी ते काढ. आजारी माणसं खाणार आहेत गं. फुटका दाणा शिजतो, खडा शिजत नाही."

आत्याने फोन ठेवला, पदराने डोळे पुसले आणि गोदामातून एक ताट मागून आणलं. हमालांना म्हणाली, जरा दम खा. मग ताडपत्रीच्या कडेला मांडी घालून ती चुरा निवडायला बसली.

चारच्या सुमाराला अधिकारी बाहेर आला. चवळी तशीच पडलेली, चुरा तसाच बाजूला, आणि मावशी ताटात मान घालून. त्याने घड्याळाकडे बघितलं. कचेरी पाचला बंद होते, याची त्याने आठवण करून दिली.

"खडे काढतेय," आत्या मान वर न करता म्हणाली. "फुटके दाणे तुमच्या नियमाला हवेत. खडे कुणालाच नकोत."

तो तिथंच उभा राहिला. तिची बोटं ताटावरून फिरत होती, आणि खड्यांच्या ढिगाशेजारी आता डागाळलेल्या दाण्यांचाही एक छोटा ढीग होऊ लागला होता. तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"मी सहापर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पण मावशी, एवढी मेहेरबानी करा. आता त्याचंही बियाणं करू नका."