थांगाच्या देवाला कबूल केलेला बोकड

मी बोकड बोलतोय. नाक मुरडलंत ना? मुरडा. माझ्या अंगाला वास येतो हे मला ठाऊक आहे आणि खरं सांगू का, त्याचा मला थोडा अभिमानच आहे. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की आमच्या जातीत आत्मवृत्त सांगायच्या वयापर्यंत कुणी पोचतच नाही. बैल सांगतो, वडाचं झाड सांगतं, फाटकी छत्रीसुद्धा सांगते. बोकडाची गोष्ट मात्र रश्श्यात संपते. मी बोलतोय, म्हणजे मध्येच कुठंतरी घोटाळा झाला असणार, हे तुम्ही ओळखलं असेलच.

माझा जन्म येडगावच्या धरणाकडेला, यमाजीच्या वाघरात झाला. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायचं जाळीचं कुंपण. यमाजी खोडदचा धनगर. मेंढरं बक्कळ, आणि चहाच्या दुधापुरत्या चार शेरड्या. त्यातल्या एकीच्या पोटी मी आलो. अंग काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका, कान लांब.

"देखणं निपजलं गं बाई!" असं यमाजीची बायको, तुकाबाई, मला उचलून म्हणाली. बोकडाला देखणं म्हणणं ही स्तुती नसते, ती धोक्याची सूचना असते. पण तेव्हा मी दूध पिण्यात दंग होतो.

तुकाबाईचं तोंड म्हणजे पट्टा. सून, मेंढरं, एसटीचा कंडक्टर, आभाळ, कुणालाही सोडायची नाही. पण तिच्या हातचा पाला मिळाला नाही असा माझा एकही दिवस गेला नाही. ती स्वतः मटणाला शिवत नसे. तिचा थोरला मुलगा रखमाजी धरणात बुडून गेला, तेव्हापासून तिनं सोडलं होतं. धाकटा दादाभाऊ मात्र दोघांच्या वाटचं एकटाच खायचा, आणि मला बघितलं की माझ्या मांड्यांवरून उगाच हात फिरवायचा.

आमच्या वस्तीशेजारी भाड्याच्या खोलीत थांगा राहायला आला, तेव्हा मी करडू होतो. थांगा मिझोरामचा. तिथल्या चर्चनं त्याला येशूची गोष्ट सांगायला एवढ्या लांब पाठवलं होतं. चोविशीचा पोरगा, मिशी फुटली न फुटल्यासारखी, पाठीवर गिटार. पहिले दोन महिने लोक त्याला विचारायचे, "पावणं, मोमोची गाडी कुठं लावणार?" तो हसून म्हणायचा, "नाय राव, मी मोमोवाला नाय." मराठी त्यानं वस्तीवरच उचलली, त्यामुळे ती आमच्यासारखीच होती.

त्याचं काम काय, हे बरेच दिवस कुणाला कळलं नाही. मला वाटतं त्यालाही कळलं नसावं. सकाळी उठून पुस्तक वाचायचा, मग गिटार घेऊन गायचा. माझी आई ते ऐकून दूध चोरायची. मग भाकरी करपवायचा. दिवसभर कुणाच्या कांद्याच्या गोण्या उचलू लाग, कुणा म्हातारीच्या गोळ्या नारायणगावातून आण, संध्याकाळी पोरांना इंग्रजी शिकव. रविवारी त्याच्या खोलीत प्रार्थना असायची. प्रार्थनेला वस्तीवरची प्रयागबाई यायची, ती चहासाठी. आणि दारात मी असायचो, तो बिस्किटासाठी. आमच्या दोघांसमोर तो पोरगा जीव तोडून बोलायचा.

एकदा मी त्याचं गाण्यांचं पुस्तक अर्धं खाल्लं. चव बरी होती. प्रयागबाई काठी घेऊन धावली, तर थांगानं तिला अडवलं. "असू दे," म्हणाला, "कुणाच्या तरी पोटात गेलं."

संध्याकाळी तो गव्हाणीमागं जाऊन आईला फोन करायचा आणि फोन ठेवला की रडायचा. घर आठवायचं, डोंगर आठवायचे, आणि सगळ्यात जास्त आठवायचं ते चुलीवर धुरावलेलं डुकराचं मांस. मी शेजारी उभा राहायचो. हा डुकरासाठी रडतोय, आपल्यासाठी नाही, म्हटल्यावर मला त्याची भीती वाटायची नाही. समोर शिवारात खोडदच्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून ऐकत बसलेल्या असत, आणि इकडे हा आभाळाशी बोलत बसलेला असे. दोघांचंही काम निवांत चाललं होतं.

मग यमाजीला घोणस चावली.

उसाच्या बांधावर गवत कापताना चावली. दादाभाऊ बाजाराला गेलेला. तुकाबाईनं बोंब ठोकली तसा थांगा आपली जुनी मोटरसायकल घेऊन आला. मध्ये यमाजी, मागे त्याला धरून तुकाबाई, आणि थांगा खड्डे चुकवत नारायणगावच्या दवाखान्याकडं निघाला. सगळ्या रस्त्यानं तो आपल्या भाषेत मोठमोठ्यानं देवाचा धावा करत होता. नंतर त्यानं मला खरं कारण सांगितलं. दोघांना मागं बसवून गाडी चालवायची त्याला जाम भीती वाटत होती.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली आणि यमाजी वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत म्हणून निभावलं. पण तुकाबाई हिशोबाला पक्की. तिनं वाटेत बिरोबाला कोंबडं कबूल केलं होतं, खंडोबाला तळी आणि येडाईला खणनारळ. आणि पुढं बसलेला पोरगा इतक्या कळकळीनं ज्याला हाका मारतोय, त्यालाही काहीतरी द्यायला हवं, म्हणून त्या देवाला तिनं बोकड कबूल केला.

बोकडच का? तर एका रविवारी ती प्रयागबाईबरोबर प्रार्थनेला बसली होती. नेमका त्या दिवशी थांगानं पुस्तकातला जुना भाग वाचला. देवाला नर द्यावा, कळपातला द्यावा, त्याच्यात खोड नसावी. तेवढंच ऐकून तुकाबाई मध्येच उठली आणि घरी येऊन म्हणाली, "आपल्यासारखाच देव हाय की ह्यो!" आता कळपातला, खोड नसलेला नर कोण? सगळ्या घरानं माझे दात बघितले, खूर बघितले, कान बघितले. एक जरी शिंग मोडकं असतं तर आज ही गोष्ट दुसराच कुणीतरी सांगत असता.

तुकाबाईनं थांगाला विचारलं, "तुझ्या देवाचा वार कोंचा?"

"रविवार."

"आगं बया, खंडोबाचाच की! मग ह्या रविवारी समदी येतो आमी. भावकी बी आणतो."

बिचारा थांगा! इतके दिवस प्रयागबाई आणि मी. आता एकदम सगळी भावकी! त्यानं आनंदानं पुण्याला त्याच्या मोठ्या पास्टरना फोन लावला. "सर, तुम्ही याच. सगळा गाव प्रार्थनेला येतोय." पास्टर केरळचे, त्यांना मराठी येत नव्हती, पण गर्दीची भाषा त्यांनाही कळत होती. ते येतो म्हणाले.

रविवारी थांगानं अंगण झाडलं, शेजारून खुर्च्या आणल्या, गिटारच्या तारा पिळल्या. लोक आले. आणि लोकांच्या पुढं गळ्यात झेंडूची माळ घालून मी आलो. माझ्यामागं दादाभाऊ, त्याच्या हातात सुरी. त्याच्यामागं आशा, म्हणजे त्याची बायको, डोक्यावर भलंमोठं पातेलं घेऊन. थांगाचा चेहरा असा पडला, की मलाच त्याची दया आली. पास्टर खुर्चीवर बसून सगळ्यांना हात जोडत होते. माळ आपल्यासाठी आणलीय असं त्यांना वाटलं असावं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. बोकडाला हळदकुंकू लावतात आणि अंगावर पाणी ओततात. बोकडानं अंग झाडलं, की देवानं मानून घेतलं. झाडलं नाही तर सुरी लावायची नाही. म्हणजे शेवटची सही बोकडाची असते. तुकाबाईनं हळद लावली, दादाभाऊनं तांब्या ओतला. पास्टर चमकून उठले, कारण त्यांच्यातही डोक्यावर पाणी शिंपडून माणसाला धर्मात घेतात.

थंडीचे दिवस होते, पाणी गार होतं. मी दात आवळून उभा राहिलो. पाठीवर शिरशिरी आली, ती तिथंच दाबली. दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला.

"कानात वत," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. कानात पाणी गेलं की कुठलाच बोकड टिकत नाही. दादाभाऊनं माझा कान धरला. मी मनात म्हटलं, संपलं राव.

"थांबा!" थांगा ओरडला. "मावशी, आमच्या देवाला बोकड नको."

"का? तूच वाचलं न्हवं, कळपातला नर पायजे म्हून?"

"ते जुनं झालं. आता घेत नाय."

"का सोडलं?"

थांगानं घाम पुसला. "त्यानं स्वतःचा मुलगा दिला, मावशी. एकुलता एक. लोकांनी हाल करून मारला त्याला. त्याच्यानंतर बोकड नाय, मेंढरू नाय, कायच नाय."

तुकाबाई हळदीचे हात तसेच धरून उभी राहिली.

"पोरगा गेला त्याचा?"

"हो."

"केवढा व्हता?"

"तेहतीस वर्षांचा."

"तरणाताठा गं बाई." तिनं हळदीचे हात पदराला पुसले. "दहावं-तेरावं घातलं का त्याचं?"

"आमच्यात तसं नसतं."

"नसतं? म्हंजे सुतकच फिटलं नाय अजून!" ती गरकन वळली. "दाद्या, ठेव ती सुरी! ज्याच्या घरातलं पोरगं गेलंय, त्याच्या दारात बोकड कापतो व्हय रं? लाज न्हाई वाटत?"

"आगं आये, दोन हजार वर्षं झाली त्याला! सन मोजत्यात त्याच्यावरनं!"

"आईबापाला इचार, किती वर्षं झाली ते."

यमाजी खाली मान घालून पागोट्याचं टोक चाळवत राहिला.

आणि मग थांगानं तोंड उघडलं. तो काय बोलणार हे मला ठाऊक होतं. त्याचं निम्मं पुस्तक मी खाल्लं होतं, उरलेलं ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी तो मुलगा मेलेल्यातून उठला, जिवंत झाला. त्यांच्या धर्मात ह्याहून मोठं वाक्य नाही. हे एक वाक्य सांगायला तो आईला सोडून आला होता, आणि दर रविवारी ते प्रयागबाईला नि मला सांगत होता. आज पहिल्यांदा सगळी वस्ती त्याच्यासमोर गप्प उभी होती. आणि ते वाक्य तो बोलला असता, तर सुतक फिटलं असतं. पोरगं घरी परत आलं म्हटल्यावर आमच्याकडं आनंदात काय शिजवतात, ते मी वेगळं सांगायला नको.

"आणि…" थांगा म्हणाला.

"आनि काय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तुकाबाईकडं. तिचे डोळे भरून आले होते. तिचा रखमाजी तिसऱ्या दिवशी आला नव्हता, तिसऱ्या वर्षीही नाही. थांगानं माझ्यासाठी जीभ आवरली असं म्हणायला मला फार आवडेल. पण ते खरं नसावं.

"आणि काय नाय, मावशी," तो म्हणाला. "लई मोठं दुःख झालं त्याला."

दादाभाऊनं सुरी पिशवीत टाकली, आणि माझा धीर सुटला. इतका वेळ दाबलेली शिरशिरी उसळली आणि मी शिंगांपासून शेपटीपर्यंत असं काही अंग झाडलं, की पास्टरच्या पांढऱ्या शर्टावर हळदीचे शिंतोडे उडाले.

"आये! झाडलं बघ अंग! मानलं की देवानं!"

"मानलं," तुकाबाई नाक पुसत म्हणाली. "मासवडी मानली. चल आशे, बेसन काढ. आनि ह्याला सोडून दे त्या देवाच्या नावानं."

सगळ्या भावकीनं मासवडीचा रस्सा भुरकला. पास्टरनी तीनदा घेतला. हात धुताना त्यांनी थांगाला विचारलं, "गॉस्पेल सुनाया? पूरा?"

"आधा, सर," थांगा म्हणाला.

पास्टरनी मान हलवून हात पुसले. पण पुढच्या उन्हाळ्यात थांगाची झारखंडला बदली झाली.

निघाला त्या दिवशी तुकाबाईनं त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि त्याला इतक्या शिव्या घातल्या, की तिला रडायला वेळच मिळाला नाही. मग तो माझ्याजवळ आला. माझ्या वासाची पर्वा न करता त्यानं गळ्याला मिठी मारली आणि ते राहिलेलं वाक्य हळूच माझ्या कानात सांगितलं.

आता मी म्हातारा झालोय. देवाचा बोकड म्हणून सगळ्या खोडदमध्ये मोकाट फिरतो. कुणाचा कोथिंबिरीचा वाफा खाल्ला तरी मला कुणी मारत नाही. थोडक्यात, थांगानं इथल्या सगळ्या मुक्कामात एकाच जिवाला देवाच्या पदरात घातलं, आणि तो जीव मी आहे. त्याच्या चर्चनं हे कुठं नोंदवून ठेवलंय का, कल्पना नाही.

परवा कळलं, इतक्या वर्षांनी त्याच्या जागी नवा पोरगा येतोय. बोलायला फार पटाईत आहे म्हणे. बाबा रे, तू ये. गा, भाकऱ्या करपव, तुझंही एखादं पुस्तक मी संपवीन. आणि तुकाबाईला ते तिसऱ्या दिवसाचं सांगायचंच असेल तर सांग. माझी काळजी करू नको, माझं मांस आता शिजायचं नाही. पण ते ऐकल्यावर ती तुला एकच गोष्ट विचारील, "मग माझा रखमाजी कवा येणार?" तेवढं उत्तर मात्र घरून घेऊन ये. थांगाकडं ते नव्हतं, आणि नाही म्हणून तो गप्प बसला.