चष्म्यातली दरी

"चेतना, उतर ना बेटा. गाडी येऊन राहिली."

ओसरीला तीनच पायऱ्या. पाच वर्षांची चेतना वरच्या पायरीच्या काठाशी फ्रॉक मुठीत धरून बसली होती. योगेश्वरीने दप्तर खांद्याला लावलं, लेकीला कडेवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. सलग अकरावा दिवस! पाठ भरून आली होती, आणि समजावायचंही त्राण उरलं नव्हतं.

झालं होतं असं. दिवाळीनंतर गावात मंडई भरली. मंडई म्हणजे जत्रा, घरोघर पाहुणे; सालेकशाकडच्या या गावात त्या दिवशी चूल विझत नाही. योगेश्वरी पहाटेपासून वडे तळत होती. तिच्या दिराने, ओमेशने, गोंदियाहून थ्रीडी चष्मा आणला होता. चष्मा कसला, डबाच; त्यात मोबाईल अडकवायचा, डबा डोळ्यांवर बांधायचा. मान वळेल तसं आतलं जग वळतं. आत उंच कडा, अरुंद फळी आणि खाली दरी. मोठी माणसं किंचाळायची, बाकीचे पोट धरून हसायचे. मग ओमेशने तो चेतनाला बांधला आणि पाठीला हळूच बोट लावलं.

"आई, मी पडली!"

सारवलेल्या सपाट अंगणात पोर हातापायांवर आली. सगळे हसले. स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी असलेली योगेश्वरीही हसली. पाणी उकळून प्यायला लावते म्हणून तिला आधीच 'शिकलेली, नखऱ्याची सून' म्हणत. पाहुण्यांत आणखी कशाला बोलणी खा!

तेव्हापासून चेतनाला ही पायरी उतरवेना. योगेश्वरी बी.एस्सी. झालेली. दोन डोळ्यांना जराशी वेगळी चित्रं दाखवली की मेंदूला खोली भासते, हे तिने सोपं करून तीनदा सांगितलं. चेतना मान डोलवायची. पण ती आता आईला काहीच सांगेनाशी झाली होती. काल आंघोळ घालताना तिच्या तळपायात मोडलेला काटा दिसला, दोन दिवसांचा. पोर लंगडत होती, बोलली नव्हती. योगेश्वरीचा जीव त्या काट्यानेच जास्त कुरतडला.

रविवारी ओमेश म्हणाला, "वहिनी, तुम्हीच लाडावून ठेवलं. खोटं आहे ते, एकदा ठणकावून सांगा ना तिले!"

सासरे, मनिराम, ओसरीवर दोर वळत होते. "ओमेश, मी नाटकात किती वर्षं काम केलो?"

"वीस. अन् प्रत्येक वेळी बदमाशच!"

"हौ. केशोरी गावाले सुनेले घराबाहेर काढलो स्टेजवर. दुसऱ्या दिवशी तिथल्या दोस्ताच्या, शालीकरामच्या घरी गेलो, तं त्याची बायको मले पाणी देईना. 'त्या पोरीले कायले हाकललं?' म्हणे. तिले का ठाऊक नव्हतं, मी मनिराम आहो म्हणून?"

योगेश्वरीला हसू आलं. "मग हो मामाजी?"

"डोकस्याले ठाऊक रायते, जीवाले नाई. पण सुनबाई, नाटक पाहून रडणाऱ्या बाईवर कोणी हासत नाई. ह्या डब्यानं हे हासणंच नवीन आणलं. ओमेश, तू बांधला का कधी?"

"लोकायले दाखवता दाखवता वेळच कुठं भेटला? मोबाईलवर पाहिलो."

"बांध मंग."

ओमेश ऐटीत अंगणात उभा राहिला. "चाल पुढं," मनिराम म्हणाले. पाय उचलेना. ओठांवरचं हसू सुकलं, कपाळ घामेजलं.

"बाबुजी, हात नोका लावू! नोका लावू हो!"

योगेश्वरीच्या घशाशी हसू आलं. इतक्या दिवसांचं उट्टं! तेवढ्यात ओसरीवर तिच्या बाजूला बसलेली चेतना उठली. एक, दोन, तीन... पायऱ्या उतरून गेली! तिने काकाचं बोट धरलं.

"काका, मी आहो. खाली बस. मलेबी असंच झालं होतं."

ओमेश मटकन बसला. चष्मा काढला तर डोळे ओले. "चेतू, मी हासलो होतो वो तुले. चुकलो."

योगेश्वरी जवळ जाऊन बसली. "मीही हसले होते, बेटा."

"हौ," चेतना म्हणाली. "मी पाहिली."

त्या दोन शब्दांपुढे तिचं सगळं शिक्षण थिटं पडलं. "चुकलं माझं. आता भीती वाटली तर सांगशील?"

"तू हासशील नाई ना?"

"नाही."

चेतना तिच्याजवळ सरकली. मग कानाशी तोंड आणून म्हणाली, "मले शाळेतल्या हापशीच्या आवाजाचं भेव लागते."

योगेश्वरी हसली नाही. "कसा येतो गं आवाज?" असं विचारून ती ऐकत राहिली. थकवा तसाच होता, पण आज तो जड वाटला नाही.

असे डबे आता घरोघर येतील, उद्या याहून भारी येतील. त्यातली दरी खोटी असेल. पाहणाऱ्याच्या छातीतली धडधड मात्र खरी असते. घाबरलेल्यावर हसण्याची आपल्या घरांना लागलेली सवय आपणच मोडायला हवी. ज्या लेकराच्या भीतीवर आपण हसतो, ते लेकरू पुढचं दुखणं आपल्याला सांगत नाही.